पांगाऱ्याची लाल फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सागाची नाही, शिसवीची नाही, पांगाऱ्याची. तुमच्यापैकी ज्यांनी पांगारा पाहिला नसेल त्यांना सांगते. अंगभर काटे, फाल्गुनात लालभडक फुलं, आणि लाकूड इतकं हलकं की सुतार त्याला हात लावत नाही. दार केलं तर वाकतं, नांगर केला तर मोडतो. चुलीत घातलं तर धड जळतही नाही. नुसतं धुमसतं आणि चुलीपुढच्या बाईचे डोळे रडवतं. त्यामुळे आमची कुणी कधी कदर केली नाही. पण पाण्यावर आमच्यासारखं तरंगणारं लाकूड या अकोल्याच्या डोंगरात दुसरं नाही.

माझं झाड करंजवाडीच्या बांधावर होतं. मग प्रवरेवर धरण झालं. धरण झालं म्हणजे काय झालं, हे खालच्या मुलखात ऊस पिकवणाऱ्यांना विचाराल तर ते एक सांगतील, मला विचाराल तर मी दुसरं सांगेन. करंजवाडी पाण्याखाली गेली. अर्धी घरं अल्याडच्या टेकडीवर चढली, अर्धी पल्याडच्या. मधे पाणी. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला हाक मारायचा आणि ती पाण्यावरच विरून जायची. वळसा घालून जायचं म्हटलं तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोहोचायचा. होडी द्या म्हणून सरकारकडं मागणी केली. मिळाली नाही. धरणाच्या बंगल्याला मात्र इंजिनाची होडी आली.

माझं झाड पाण्यात उभ्या उभ्या मेलं. तेव्हा साळूबाईच्या सासऱ्यानं ते तोडलं आणि वाकसानं तासून माणूसभर लांबीची फळी केली. ती मी. वरची बाजू त्यानं सपाट केली, तिच्यावर बिब्ब्याचं तेल चोळलं. खालच्या बाजूची काटेरी साल मात्र तशीच ठेवली. मुद्दाम नव्हे, म्हाताऱ्याला कंटाळा आला. पण त्या सालीनं मला पुढं पंधरा-वीस वर्षं तारलं. साल होती म्हणून पाणी आत शिरत नव्हतं, आणि सालीवरचे काटे पाण्याला धरून ठेवायचे म्हणून मी कलंडत नव्हते. हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं, साळूबाईला माहीत नव्हतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

साळूबाई सुईण होती. दोन्ही काठांची मिळून एकच. पल्याड कुणी बाळंतीण अडली की तिथल्या मोठ्या खडकावर काठीला घोंगडी बांधून उभी करायचे. ती दिसली की साळूबाई हातातली भाकरी तव्यावर टाकून निघायची. माझ्या टोकाला तिचं गाठोडं, त्यात विळा, दोरा, तेलाची बुधली. काष्टा आवळायची, मला कपाळ लावायची, मग पालथी पडून दोन्ही हातांनी पाणी मागं सारत पल्याड जायची. माझ्यावर कुणी पाय देत नसे. पल्याडच्या देवाच्या ठाण्यावर जायचा पहिला भातही माझ्यावरूनच जायचा, म्हणून ती रीत. कितीतरी पोरं माझ्यामुळं जगली. हे बढाई म्हणून नाही सांगत. या सगळ्यात माझंही काही होतं, एवढंच.

मग चव्वेचाळीस साल आलं. लढाई चालू होती. नगरच्या छावणीतून गोरे साहेब रजेवर धरणाच्या बंगल्यावर येऊन राहत. खालच्या देशावर तेव्हा माणसं धान्याच्या दुकानापुढं उभी असत, आणि इथं बंगल्याचे नोकर साहेबांसाठी कोंबड्या पकडत हिंडत होते. वैशाखात एक तरुण साहेब आला. त्यानं साळूबाईला माझ्यावर पालथं पडून पाणी तोडताना पाहिलं आणि लहान पोरासारखा काठानं धावत सुटला. त्याच्या मुलखात म्हणे माणसं फळीवर पालथी पडून समुद्रात जातात, आणि लाट आली की तिच्यावर उभी राहून काठाला येतात. कामासाठी नव्हे, मौजेसाठी. त्यालाही ते शिकायचं होतं. लढाईमुळं राहून गेलं होतं. हे सगळं मला कळलं ते बंगल्यावरच्या कारकुनामुळं. शामकांत त्याचं नाव. साहेबाचं बोलणं तो साळूबाईला सांगे, आणि साळूबाईचं बोलणं धुऊन पुसून साहेबाला.

"साळू, साहेबांना शिकव. मोठं भाग्य आहे तुझं," शामकांत म्हणाला.

"शिकवते की. पर आदी पोट टेका म्हनावं. हुबं ऱ्हायला ती काय वटा हाय?"

साहेब हसला, मान हलवली आणि उभाच राहिला. धप्पकन पाण्यात.

"आता गं बया! ह्यो तर पडायलाच आलाय!"

"हळू बोल. साहेब आहेत ते."

"त्यास्नी कुटं कळतंय? तुमी सांगाल तवा कळंल. आन् हात असं मारू नका म्हनावं, भाकर थापल्यावानी. शेन वडत्यात तसं वडा म्हनावं."

शेण कसं ओढतात हे शामकांतनं साहेबाला काय म्हणून सांगितलं, देव जाणे. पण साहेब शिकला. पालथा पडला, हात ओढू लागला, थोडा पुढं गेला आणि ओरडला. काठावर जमलेली माणसं हसली, साळूबाईही हसली. मित्रांनो, मला त्या साहेबाचा राग नाही. त्याला पुढं लढाईवर जायचं होतं, त्या आधी चार दिवस हसायचं होतं. माझा राग दुसरीकडं आहे.

पालथं पडता आलं, पण धरणात लाट कुठून येणार? तेव्हा असं ठरलं की इंजिनाच्या होडीनं मला दोरानं ओढायचं आणि साहेबानं माझ्यावर उभं राहायचं. माझ्यावर पाय! साळूबाईनं तोंड दुसरीकडं केलं. "बूट काडलं त्येवढं बरं," एवढंच म्हणाली. दोर माझ्या टोकाला बांधला तो सटकला. मी उलटले, आणि सालीवरच्या काट्यांनी साहेबाच्या पोटरीला ओरखडा काढला. रक्त आलं. साहेबानं ते पाण्यानं धुतलं आणि हसला. शामकांत मात्र पांढरा पडला. साहेबाला लागलं म्हणजे जणू सरकारलाच लागलं!

त्यानं श्रीमंत नावाच्या सुताराला बोलावलं. श्रीमंत दारं-खिडक्या करणारा. पाण्याशी त्याचा संबंध अंघोळीपुरता.

"ही साल काढून टाक. गुळगुळीत कर. काच वाटली पाहिजे," शामकांत म्हणाला. "आणि दोर ओवायला टोकाशी भोकं पाड."

"भाऊसाहेब, फळी त्या सुईनबाईची हाय न्हवं?"

"मग? फुकटात नवी होतेय तिची. साहेबांनीही विचारलं मला, बाईला ही लागते का म्हणून. मी म्हटलं, छे! या लोकांना काय, रानात हवी तेवढी झाडं पडलीत."

रंध्याखाली माझी साल गेली. गिरमिटानं दोन भोकं पडली. धरणाच्या दरवाज्यांना लावून उरलेला लाल रंग माझ्यावर फासला. ओल्या लाकडावर रंग! शिकाऊ पोरगाही असं करणार नाही. पण साहेबाची रजा संपत आली होती, वाळायला वेळ कुणाला होता?

आणि एक खरं सांगू? त्या दिवशी मला आनंद झाला. होडी फटफटत सुटली, दोर ताणला, साहेब गुडघ्यावर आला, डुगडुगला आणि उभा राहिला. मी पाणी कापत निघाले. इतक्या जोरात मी कधी गेले नव्हते. काठावर टाळ्या वाजल्या. साळूबाईनंही वाजवल्या. "शिकला गं! माझ्या हातचा हाय!" असं ती केशरबाईला कोपरानं ढोसून सांगत होती. केशरबाई म्हणजे तिची शेजारीण. माझं कौतुक तेवढंच झालं. पल्याडच्या पोरांना जगवलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

साहेब गेला. जाताना त्यानं साळूबाईचा हात हातात घेतला, बिस्किटांचा डबा दिला. मला परत दिलं. साळूबाईनं मला हळद-कुंकू लावलं. "नवरीवानी दिसतीया," म्हणाली. सगळी वस्ती बघायला आली. माझी साल गेल्याचं दुःख कुणालाच झालं नाही. रंगाकडं पाहायचं की सालीकडं? आपली माणसं रंगाकडं पाहतात. वरून आलेलं सगळं चांगलंच असतं, असं त्यांना इतकी वर्षं बडवून शिकवलंय.

मी पाणी पिऊ लागले. आधी भोकांतून, मग रंग सुटला तिथून. दर खेपेला थोडी जड, थोडी खाली. साळूबाईनं काठावर ओढताना म्हटलंही, "जड झालीया. रंगाचं वजन असंल." तिनं रंग कधी वापरला नव्हता. तिला काय ठाऊक रंगाला किती वजन असतं!

आषाढ लागला. धरण भरलं. अशाच एका दुपारी पल्याडच्या खडकावर घोंगडी उभी राहिली. साळूबाईची लेक बनुबाई पल्याडच्या घरी दिली होती. पहिलं बाळंतपण. घोंगडी तिचीच होती. साळूबाईनं लांबूनच ओळखली.

"वारं बघ की गं," केशरबाई तिचा पदर धरून म्हणाली. "लाटा उठल्यात. वळशानं जा."

"वळशानं जाईपतूर लेकरू चालाया लागंल."

"साळू, नगं गं."

"पहिलटकरीन हाय माजी. सोड."

मला कपाळ लावलं आणि निघाली. तिच्या कपाळाला लाल रंग लागला.

वारा पल्याड वाहत होता, म्हणून सुरुवातीला बरं गेलं. पण मधल्या खोल पाण्यात, जिथं खाली आमची जुनी करंजवाडी आहे, तिथं लाटा आडव्या येऊ लागल्या. साहेबाला हव्या होत्या तशा लाटा, मित्रांनो. माझ्याखाली पाण्याला धरायला आता काहीच नव्हतं. मी काचेसारखी गुळगुळीत होते. एका लाटेनं मी कलंडले. ती पडली, पुन्हा चढली. मी पुन्हा कलंडले. आत पाणी भरलेलं, वर तिचं ओझं. मी बुडायला लागले. तिला ते कळलं. एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं आणि दातांनी तिनं गाठोड्याची दोरी सुताराच्या भोकातून ओवली आणि गाठ मारली. घट्ट, नाळेला मारतात तशी. मग तिनं मला पुढं ढकललं.

माझ्यावरचं वजन गेलं. मी वर आले. मला वर यायचं नव्हतं.

वाऱ्यानं मला पल्याड नेलं. लोकांनी गाठोडं सोडलं. तिथल्या एका म्हातारीनं त्यातला विळा घेतला, दोरा घेतला, आणि जमेल तसं केलं. मुलगी झाली. जगली. बनुबाई विचारत होती, "आये कुटंय?" आणि सगळे म्हणत होते, "येतीया." साळूबाई गुराख्यांना सापडली ती पाणी ओसरल्यावर.

शामकांत त्याच आठवड्यात बनुबाईच्या घरी आला होता. छत्री घेऊन. माझ्या भोकांकडं पाहून त्यानं नजर वळवली, मग म्हणाला, "दैव! दुसरं काय? आणि हलगर्जीपणा या लोकांचा. असल्या वाऱ्यात कुणी पाण्यात जातं का?"

बनुबाई ओली बाळंतीण, दारात बसली होती. ती म्हणाली, "आमी काय मौजेला जातो व्हय पान्यात?"

शामकांतनं छत्री उघडली आणि गेला.

दैव! ज्याला स्वतःची चूक दिसते पण बघायची नसते, तो दैव म्हणतो. माझी साल दैवानं काढली नाही. भोकं दैवानं पाडली नाहीत. दोन काठांमधे पाणी दैवानं आणलं नाही, आणि होडी दैवानं नाकारली नाही. या सगळ्यामागं माणसांचे हात होते, आणि ते हात आजही धडधाकट आहेत.

आता मी शेळ्यांच्या खोपटाला आडवी लावलेली आहे. बनुबाई मला पाण्याकडं नेत नाही, आणि लेकीला पाण्याजवळ जाऊ देत नाही. ती पोर आता पाच वर्षांची झाली. तिचं नाव साळूच ठेवलंय. ती माझ्यावरचा उरलेला लाल रंग नखानं खरवडत बसते. राज्य बदललं, असं ऐकते. खडकावर घोंगडी अजून उभी राहते. होडी अजून नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं जपण्यासारखं काही राहिलं नाही. पण सुट्टीत कुठं गेलात आणि कुणाची वस्तू मौजेची वाटली, तर खुशाल खेळा. फक्त आधी जिची आहे तिला विचारा. मधल्या माणसाला नको, तिलाच. तिच्या भाषेत. कारण तुमचा तो खेळ असेल, आणि तिची ती वाट असेल. आणि परत देताना जशी होती तशी द्या. सुधारून देऊ नका.

आज सकाळी बनुबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मग कुऱ्हाडीची धार अंगठ्यानं बघितली आणि म्हणाली, "उद्या फोडते हिला. चुलीला सरपन न्हाई."

फोड बाई. पण मी पांगारा आहे. मी जळणार नाही, धुमसेन. धूर होईल, डोळ्यांत जाईल. तू तेवढी मागं सरून बस, आणि धूर वाऱ्यावर जाऊ दे. जाऊ दे बंगल्यापर्यंत.