ती उतारावर पडली तेव्हा

मी टू-स्ट्रोक डर्ट बाइक. चढावर किंचाळते, निळसर धूर सोडते आणि माणसांवर चटकन विश्वास ठेवत नाही. जन्मतः मी अशी नव्हते, मालकांनी केली. पहिल्याने मोटोक्रॉसच्या मैदानावर मला उड्यांवरून आपटून काढलं आणि विकताना सांगितलं, "घरात उभीच असायची." दुसऱ्याने वाकलेलं हँडल लपवायला त्यावर नवी रबरं चढवली.

तिथून मी एका गॅरेजवाल्याच्या शेडमध्ये आले. तो एकेकाळी शर्यतीत उतरायचा. एका उडीत गुडघा गेला, तेव्हापासून लंगडत चालायचा आणि जुन्या बाइक दुरुस्त करून विकायचा. बोलायचा कमी. अशा माणसाचा मला जास्तच संशय येतो.

एका सकाळी बहीण-भाऊ आले. ती हॉस्पिटलात नर्स, चाळिशीला टेकलेली. धाकटा भाऊ मैदानावर फोर-स्ट्रोक पळवणारा. माझ्या शेजारी एक फोर-स्ट्रोकच उभी होती, तगडी, घोगऱ्या आवाजाची. भाऊ थेट तिच्याकडे गेला.

"ताई, हीच घे. कमी वेगातही दमदार खेचते. पेट्रोल भरायचं की निघायचं. त्या टू-स्ट्रोकला दर वेळी पेट्रोलमध्ये ऑइल कालवून द्यावं लागतं. कोण करणार ते लाड?"

"मला मैदानावरही जायचंय आणि डोंगरातल्या वाटांवरही. तिथे गाडी पडली तर उचलायची कोणी?"

"मी असेन की!"

"तू पुढे निघून गेलेला असतोस."

तिने आम्हा दोघींना आळीपाळीने जमिनीवर आडवं केलं. फोर-स्ट्रोक तिच्याने दुसऱ्या झटक्यात उठली, मी पहिल्याच. मग तिने गॅरेजवाल्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"फोर-स्ट्रोक शांत आहे, चुका पोटात घालते. ही हलकी आहे, इंजिन साधं, घरी उघडता येईल. पण ऑइल चुकलं तर हिच्याकडे माफी नाही."

भावाने नाक मुरडलं. ती मला घेऊन गेली.

बाई शिस्तीची निघाली. औषध मोजावं तसं ऑइल मोजायची, कॅन हलवायची, मगच टाकीत ओतायची. तरी मी सावधच होते. पहिल्या महिन्यात सगळेच मालक गोड असतात.

मग तो दिवस आला. दोघं डोंगरातल्या वाटेवर निघाली होती. मोठा चढ संपवून आम्ही उताराला लागलो आणि माझ्या पोटात काहीतरी कोरडं घासू लागलं. मी ओरडून सांगत होते, पण माझं ओरडणं तिला रोजचंच. पिस्टन जागच्या जागी आवळला, मागचं चाक अडकलं आणि ती दगडांवर फेकली गेली. मनगट मोडलं.

भाऊ धावत आला. तिला सावलीत बसवलं, मग माझ्याकडे वळला. टाकीचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला, बोट बुडवून चोळलं. त्याचा चेहरा उतरला. झाकण त्याने हळूच लावलं आणि तो बहिणीला उठवायला गेला.

सकाळी निघताना माझ्या टाकीशी मी त्याला पाहिलं होतं. मी नको होते ना त्याला? यानेच मुद्दाम केलं, अशी माझी खात्री झाली.

महिनाभर मी घरामागच्या भिंतीला टेकून होते. खिडकीतून तिचा आवाज यायचा. "गंडवलं त्या माणसाने. खराब इंजिन गळ्यात मारलं." भाऊ म्हणायचा, "जाऊ दे ना ताई." बस्स, एवढंच.

प्लॅस्टर निघालं तशी तिने मला टेम्पोत घातलं आणि गॅरेज गाठलं. भावालाही सोबत ओढलं. भर शेडमध्ये तिने गॅरेजवाल्याला नाही नाही ते सुनावलं. तिच्यासमोर त्याने सिलिंडर उघडला, पिस्टनवरचे उभे ओरखडे दाखवले. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, बोटांवर चोळलं.

"यात ऑइल नावालाच आहे."

"शक्य नाही. मी स्वतः मोजून घालते."

"टाकीला आणखी कोणी हात लावला होता?"

ती भावाकडे वळली. त्याची मान खाली.

"निघताना तू आवरत होतीस. टाकी जवळजवळ रिकामी दिसली. म्हटलं, आपणच भरून ठेवावी. माझ्या कॅनमधलं ओतलं, साधं. डोक्यातच आलं नाही गं."

"तुला कळलं कधी?"

"तू पडलीस तेव्हाच."

"मी पडले ते सोड. महिनाभर तू मला या माणसाला शिव्या घालू दिल्यास."

तिने गॅरेजवाल्यापुढे हात जोडले. भाऊ माफी मागायला लागला तसा गॅरेजवाला म्हणाला, "ते राहू दे. पिस्टन बसवायला ये उद्यापासून."

भाऊ चार दिवस आला. बोटं सोलवटून घेतली. मी मात्र त्याच्या प्रत्येक नटावर लक्ष ठेवून होते. पाचव्या दिवशी मला तपासायला त्यानेच त्या डोंगरात नेलं. तिचं मनगट अजून तयार नव्हतं. उतारावर, ती पडली होती त्या जागी त्याने मला थांबवलं. तिथे तिसरं कोणी नव्हतं. माझ्यावर बसूनच, हेल्मेट न काढता तो हुंदके देऊन रडला. माझी खात्री खोटी होती, हे मला तेव्हा कळलं.

आता माझं इंजिन ठणठणीत आहे. तिचं मनगट पूर्ण वळत नाही. मैदानावरच्या उड्या सुटल्या, डोंगरातल्या वाटा राहिल्या. भाऊ आता तिच्या मागून येतो.

आमच्यातली एक निवडायला तुम्हीही कधी याल. टू-स्ट्रोक घ्या नाहीतर फोर-स्ट्रोक, हातून चूक होणारच. झाली की त्याच दिवशी सांगून टाका. मला चार दिवसांत नवा पिस्टन बसला. ती मात्र अजून भावाच्या साध्या बोलण्यावरही थबकते आणि विचारते, "खरं सांगतोस ना?"