मोगरीखालचं व्हायोलिन

मी एक जुनं व्हायोलिन आहे, मित्रांनो, आणि माझा एकदा खून झालेला आहे. मारणारा परका नव्हता, माझा जन्मदाताच होता.

तो वाद्यं घडवणारा कारागीर. हात सोन्याचा, डोकं मात्र भडक. त्याच्या कारखान्यात एक रीत होती. ज्या वाद्यात खोट निघेल ते विकायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही. ठोकळ्यावर ठेवून लाकडी मोगरीनं सगळ्यांदेखत फोडायचं. भिंतीवर टांगलेला मी, माझ्या कितीतरी भावंडांच्या बरगड्या मोडताना ऐकत असे. मी वाचलो, कारण माझ्यात त्याला काही सापडेना. मला त्यानं सासरी निघालेल्या एकुलत्या एका लेकीच्या हाती दिलं.

जावई वेगळ्याच वेडाचा निघाला. त्याला आवाज डोळ्यांनी पाहायचा होता. त्यानं पत्र्याचा मोठा कर्णा केला, त्याच्या निमुळत्या टोकावर पातळ कातडं ताणलं आणि त्याला एक राठ केस चिकटवला. केसासमोर काजळी धरलेल्या कागदाचं नळकांडं फिरायचं. लेक कर्ण्यापुढे मला वाजवायची आणि केस काळ्या कागदावर पांढरी नागमोडी रेघ ओढायचा. त्या काळी बघणारे तोंडात बोटं घालत. माझाच आवाज पाहून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

पण एका सुरावर रेघ बेफाम उसळायची. जावयानं तो सूर पुन्हा पुन्हा वाजवून घेतला आणि निदान केलं की माझ्या पोटाची फळी कुठेतरी जाड राहिली आहे. एवढं मनात ठेवलं असतं तर बरं होतं. त्यानं तो कागद नेऊन सासऱ्याला दाखवला.

कारागीर मोगरी घेऊनच आला. कानाला तर काहीच खटकत नाही, असं लेक परोपरीनं सांगत होती. त्यानं तिला बाजूला ढकललं, ती पडली, आणि त्यानं माझी मान धरली.

"मामा, मला नुसतं मोजायचं होतं," म्हणत जावयानं माझं दुसरं टोक धरलं.

"मोजलंस ना? मग सोड आता. माझ्या हातची खोट माझ्याच हातानं जाईल."

दोघांची झटापट जुंपली. माझ्या तारा तुटल्या. एक तार जावयाच्या गालावर चाबकासारखी बसली आणि रक्ताची धार लागली. सासऱ्यानं त्याला भिंतीवर आदळलं, मला जमिनीवर टाकलं आणि मोगरी हाणली. माझं पोट फुटलं. दुसऱ्या घावात बरगड्या गेल्या. तरी राग शमेना, म्हणून तिसरा घाव त्यानं कर्ण्यावर घातला.

कर्णा घुमला. ज्यावर रेघ उसळायची, नेमका तोच सूर.

लेक धडपडत उठली. तिनं कर्ण्याच्या तोंडापाशी टाळी वाजवली, परत वाजवली. दर वेळी आतून तोच सूर घुमला. तेव्हा नवरा-बायकोला एकदमच उमगलं. कर्ण्याला स्वतःचा आवाज होता, आणि समोर कुणीही तो सूर लावला की कर्णा आपलं घोडं पुढे दामटत होता. जावई सगळ्या वाद्यांचे आवाज मोजायला निघाला होता, पण कर्णा मोजायचा राहून गेला होता.

"बाबा, खोट व्हायोलिनमध्ये नव्हती," ती म्हणाली. "कर्ण्यात होती."

कारागिराच्या हातातली मोगरी गळून पडली.

"मग मी मारलं कुणाला?" त्यानं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं फोडलेलं वाद्य जोडायला घेतलं. गालाला पट्टी बांधलेला जावई ढलप्या वेचून देई, सासरा सरस लावून त्या जुळवी. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. अखेर मी पुन्हा वाजू लागलो.

मित्रांनो, दुसऱ्याची खोट काढायला जाल तेव्हा आधी आपला कर्णा तपासा, आणि हातात मोगरी असेल तर ती खाली ठेवा. कारण ज्या सुरासाठी मला विनाकारण फोडलं, त्याच सुरावर जोडला गेल्यानंतर मी खरोखरच खरखरू लागलो. बाप समोर बसला की लेक तो सूर हळूच वगळून पुढे जायची. आणि तो न वाजलेला सूर बापाला दर वेळी ऐकू यायचा.