किसनरावचं कार्ड

अकोल्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ‘गोवर्धन कॉम्प्युटर्स’ नावाचं दुकान आहे. नाव गोवर्धनचं, आणि काउंटरवर बसून गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही गोवर्धनचंच. लॅपटॉप दुरुस्त करते त्याची बायको ललिता. ती प्लायवूडच्या आडोशामागे बसते, डोळ्याला भिंग लावते आणि बिघडलेलं नीट करते. काम झालं की लोक गोवर्धनच्या पाठीवर थाप मारून निघून जातात. ललिताला याचं काही वाटत नसे. थापा खाण्यापेक्षा आत पंख्याखाली बसलेलं बरं, असं तिचं मत होतं. तिला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. गोवर्धनला ‘नाही’ म्हणता येत नसे.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी बाळापूरकडून किसनराव आले. त्यांचं झेंडू-शेवंतीचं वावर होतं. दसरा-दिवाळीचा हंगाम संपलेला, त्यामुळे माणूस मोकळा होता. खरं तर दोन वर्षांपासून मोकळाच होता. गुडघ्याची वाटी बदलल्यापासून मुलानं, योगेशनं, ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली होती. बदल्यात त्यानं कॉलेजात असताना घेतलेला गेम खेळायचा जाडजूड लॅपटॉप बापाला दिला आणि त्यात शेतीचा गेम टाकून दिला. दोन वर्षांत किसनरावांनी त्या गेममध्ये कुठल्याशा परदेशात तीनशे एकर जमीन आणि चार हार्वेस्टर जमवले. तिथे पीक फस्त करणारे रोही नव्हते, डुकरं नव्हती, आणि मजूर सांगितल्या वेळी हजर असायचे.

“वखरणी चालू केली का ट्रॅक्टर अडते,” किसनरावांनी काउंटरवर लॅपटॉप ठेवत तक्रार सांगितली. “मंग सारं वावरच जागच्या जागी थांबते. अन् बुडातून अशी गरम हवा येते का पापड भाजून घ्या. माहा भाचा म्हने, मामा, ग्राफिक्स कार्ड जुनं झालं. नवं टाकून घ्या.”

“होऊन जाईन ना काकाजी,” गोवर्धन म्हणाला. “परवा या.”

संध्याकाळी ललितानं लॅपटॉप खोलला. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरमधलं, पडद्यावरची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड उपसून दुसरं बसवता येतं. या लॅपटॉपात उपसायला कार्डच नव्हतं. होती ती एक चिप, मदरबोर्डावरच सोल्डर करून कायमची बसवलेली. ती बदलायची म्हणजे या वावरातली विहीर उचलून त्या वावरात नेऊन ठेवण्यासारखं. पंखा मात्र पाहण्यासारखा होता. किसनराव ज्या खोलीत फुलं निवडत, तिथेच बसून गेम खेळत. पंख्याच्या जाळीवर धुळीचा बोटभर जाड थर बसला होता आणि त्यात झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा. पंखा हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखा दिसत होता. ललितानं तो साफ केला, चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पण सुकून खडूसारखी झालेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि लॅपटॉप चालू करून पाहिला. ट्रॅक्टर न अडता वावराच्या कडेला धुऱ्यापर्यंत गेला आणि वळून परत आला.

“कार्ड काई बदलता येत नाई याचं,” ती गोवर्धनला म्हणाली. “काकाजीले सांगून टाका.”

“पन चालून राह्यलं ना? मंग झालं. आपन बदललं म्हनून सांगू.”

“न बदलता?”

“थो काय खोलून पाहनार हाय?”

“मीच सांगीन,” ललिता म्हणाली.

दोन दिवसांनी किसनराव आले तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. “काकाजी, कार्ड बदललं नाई. याच्यात बदलताच येत नाई. पंख्यात कचरा होता, तो काढला. साफसफाईचे चारशे द्या.”

किसनरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग गोवर्धनकडे. गोवर्धन, तोंडचा घास गेलेल्या माणसासारखा, कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होता. मग त्यांचा चेहरा खुलला.

“समजलं बाई,” ते हळूच म्हणाले. “सारं समजलं.” आणि चारशे रुपये ठेवून निघून गेले.

त्यांना काय समजलं होतं, ते ललिताला महिन्याभरानं कळलं. ट्रॅक्टर सुसाट चालतो आहे, म्हणजे कार्ड नवं आहे. कार्ड नवं आहे आणि बाई म्हणते नाही, म्हणजे नवरा समोर आहे. किसनरावांनी फुलबाजारात, रसवंतीवर, एका साखरपुड्याच्या पंगतीत, सगळीकडे एकच गोष्ट सांगितली. “नवरा हजारांनं मागीन म्हनून बाईनं त्याच्यासमोर कबूलच नाई केलं. पन टाकलं तिनं. चारशात टाकलं. अशी गुनाची बाई म्या पाह्यली नाई.”

लोक येऊ लागले. बाळापूरचा किराणावाला आला. परतवाड्याचा लग्नाचे व्हिडिओ करणारा खुशालराव बसनं अकोल्याला आला, दोन लॅपटॉप घेऊन. सगळ्यांची मागणी एकच होती: “थे किसनरावचं कार्ड टाकून द्या.” ललिता प्रत्येकाला बाहेर येऊन सांगायची की असं काही कार्ड नाही, लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही, मी फक्त साफसफाई करते. माणूस गोवर्धनकडे तिरप्या नजरेनं पाहायचा आणि म्हणायचा, “हो हो. साफसफाईच करा.”

कापसाच्या मुलखात लॅपटॉपाच्या पोटात काय काय जातं ते ललिताइतकं कोणी पाहिलेलं नाही. सरकी काढलेल्या कापसाचे तंतू, तुरीचं भुसकट, गव्हाचा कोंडा. साफ केल्यावर दहातले सहा लॅपटॉप खरंच पळू लागले. उरलेल्या चौघांच्या लॅपटॉपांना फरक पडला नाही. पण त्यांनी दोष ललिताला दिला नाही, स्वतःलाच दिला. आपल्यावर बाईचा अजून विश्वास बसलेला नाही, असं त्यांना वाटलं. त्यातला एक जण पुढच्या खेपेला पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन आला.

शेवटी ललितानं पाटी रंगवून घेतली. ‘येथे लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलून मिळणार नाही. फक्त साफसफाई.’ गल्लीतल्या कुठल्याच दुकानावर काय मिळत नाही याची पाटी नव्हती, त्यामुळे जाणारे-येणारे थांबून वाचू लागले. खुशालराव तिसरा लॅपटॉप घेऊन आला तेव्हा त्यानं ती मोठ्यानं वाचली आणि पोट धरून हसला. “असं लिहाच लागते ना बाप्पा,” तो गोवर्धनला म्हणाला. “नाई तं कंपनीवाले येतीन.”

एका दुपारी ललिताला गोवर्धन आत दिसला. खालच्या ड्रॉवरमधले जुने बोर्ड बाहेर काढून मोजत होता.

“काय पाहून राह्यले?”

“काई नाई.” एक बोर्ड उलटा करून पाहत तो म्हणाला, “एक सांगतं का? मी काई रागावनार नाई. त्या म्हाताऱ्याले तू टाकलं होतं का?”

ललितानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “तुमच्या डोयासमोर खोललं होतं मी थे!”

“हो. पन मधात मी चाय प्याले गेलो होतो.”

त्या दिवशी ती त्याच्याशी बोललीच नाही, आणि गोवर्धननं त्याचाही अर्थ काढला.

मे महिन्यात, अकोला तव्यासारखं तापलेलं असताना, किसनराव डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून दुकानात आले. बाकावर तिघं जण आधीच बसले होते. किसनरावांना पाहून त्यांनी सरकून जागा दिली, जशी लग्नात नवरदेवाच्या वडिलांना देतात. पण किसनराव बसले नाहीत. त्यांच्या गेमची नवी आवृत्ती निघाली होती. योगेशनं ती टाकून दिली, पण ती उघडेचना. तुमचं ग्राफिक्स कार्ड चालणार नाही, असं काहीतरी पडद्यावर येऊन थांबायचं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी टाकलं होतं थे कार्ड आता कमी पडून राह्यलं. या खेपेले मोठं टाका. अन् पैसे पुरे घ्या. तुमच्या मालकाच्या देखत घ्या. आता भ्याचं काई काम नाई.” आणि त्यांनी गोवर्धनकडे असं पाहिलं की तो विनाकारण उठून उभा राहिला.

ललितानं त्यांना प्लायवूडच्या मागे नेलं, स्टुलावर बसवलं, आणि त्यांच्यासमोर एकेक स्क्रू काढून लॅपटॉप खोलला.

“हे पाहा, काकाजी. हे तुमचं कार्ड.”

किसनरावांनी चष्मा चढवला. “हे? नखायेवढं?”

“हे. बोटानं हालवून पाहा.”

त्यांनी हलवून पाहिलं. मग नखानं उचकटून पाहिलं. “निंगत नाई.”

“निंगत नाई. मदरबोर्डासंग एकजीव हाय. लॅपटॉप तयार झाला त्या दिवसापासून हेच हाय.”

“मंग तवा तुमी काय टाकलं?”

“काईच नाई टाकलं. काढलं.” ललितानं पंखा सोडवून त्यांच्या हातावर ठेवला. सहा महिन्यांत पुन्हा तसाच थर जमला होता. किसनरावांनी तो चिमटीत धरला, चुरगाळला, नाकाशी नेला.

“झेंडू,” ते म्हणाले. “हा दसऱ्याचा नाई. उन्हाळी हाय.”

त्यांनी चष्मा काढला आणि बोटांवरचा चुरा झटकला. बाहेर गोवर्धन कुणाला तरी चहा घ्याच म्हणून आग्रह करत होता.

“पाऊनशे मानसायले तरी सांगतलं असंन मी,” किसनराव म्हणाले. “पाऊनशे. पंगतीत उभा राहून सांगतलं.”

“मी तुमाले पैल्याच दिवशी सांगतलं होतं, काकाजी.”

“सांगतलं होतं. पन अशा तोंडानं सांगतलं का कोन खरं धरीन?”

“कशा तोंडानं?”

“खऱ्या!” किसनराव चिडून म्हणाले. “एवढ्या खऱ्या तोंडानं आजकाल कोन बोलते? मानसाले शंका येनारच ना!”

त्यांनी लॅपटॉप पुन्हा जोडून द्यायला लावला, काखेत मारला आणि गुडघा सांभाळत बाहेर आले. बाकावरचा एक जण लगेच उठला. “काय किसनराव? टाकलं का मोठं?”

आत ललिताचा हात थांबला. सहा महिने हा माणूस खरं समजून खोटं सांगत फिरला होता. आता त्याला खरं माहीत झालं होतं, आणि दुकानात ऐकायला माणसंही होती. आता तरी हा विषय मिटेल, असं तिला वाटलं.

किसनरावांनी दुपट्टा नीट केला. “टाकलं,” ते म्हणाले. “याच्याहून मोठं येतच नाई.”

ललिता ताडकन उठली. आजवर प्रत्येक वेळी उठली होती तशीच. पण आडोशाच्या फटीतून तिला दिसलं की किसनराव दुकानाची पायरी उतरताना एका हातानं चौकट घट्ट धरून होते आणि मागे वळून न पाहता, मान ताठ ठेवून चालले होते. ती परत खाली बसली. बाकावरच्या तिघांनी लॅपटॉप पुढे केले. गोवर्धन आत डोकावला आणि डोळे मिचकावून म्हणाला, “पाह्यलं? मले पैलेच माहीत होतं.”

आठ दिवसांनी किसनराव पुन्हा आले. लॅपटॉप नव्हता. योगेशनं मोटारसायकलवरून सोडलं होतं. गोवर्धनचा रामराम न घेता ते सरळ आत गेले आणि स्टुलावर बसले.

“थो ब्रश द्या इकडे.”

“काऊन, काकाजी?”

“घरी बसून काय करू? जुनाच गेम खेयत हाय. तीनशे एकर चार खेपा नांगरली, आता तिथली मातीही थकली असंन.” त्यांनी बाही वर केली. “अन् लोकायले मी पाठोतो, कचरा तुमी काढता. हे काई बरोबर नाई.”

ललिता नाही म्हणणार होती. पण त्यांनी पंखा हातात घेतला तो ज्या पद्धतीनं घेतला, ते पाहून तिनं ब्रश पुढे केला. चाळीस वर्षं देठ न मोडता फुलं खुडणारी ती बोटं होती. पंख्याची पाती ललिताकडूनही कधीमधी मोडायची. किसनरावांकडून आजवर एकही मोडलेली नाही. आता ते मंगळवारी आणि शनिवारी येतात. योगेश खूश आहे, कारण अकोल्यात ट्रॅक्टर नाही. आणि गिऱ्हाइकांची उरलीसुरली शंकाही गेली, कारण खुद्द किसनराव आत बसून काम करतात हे फटीतून दिसतं.

परवाच्या शनिवारी बाळापूरच्या किराणावाल्याचा लॅपटॉप आला होता. त्याची ही तिसरी खेप. किसनरावांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि ललिताला हाक मारली. “बाई, पाहा बरं इकडे. शेव हाय. अख्खी शेव. याचा लॅपटॉप हाय का फराळाचा डबा?”

बाहेरून किराणावाल्याचा आवाज आला, “किसनराव! टाकून राह्यले का?”

किसनराव शेव चिमट्यानं उचलून वर्तमानपत्रावर ठेवत होते. कामात असताना त्यांना खोटं सुचत नाही.

“टाकून नाई बे,” ते ओरडले, “काढून राह्यलो! कचरा हाय तुह्या याच्यात. कार्ड-बिर्ड काई नसते!”

बाहेर सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला गोवर्धन.