करंगळी नसलेली भाकरी

गिरणीचा भोंगा बंद झाला आणि सोलापुरातले कोंबडे बावचळले. इतकी वर्षं आधी भोंगा आणि मागून कोंबडा असा शिरस्ता होता. आता भोंगाच नाही म्हटल्यावर सकाळ झाल्याचं कुणाच्या जोरावर सांगायचं, हे त्यांना कळेना. येडू धनगराचा तांबडा कोंबडा तर म्हणे तीन दिवस उकिरड्यावर उभा राहून गिरणीच्या थंड चिमणीकडे बघत होता. चौथ्या दिवशी येडूच्या बायकोनं त्याला कालवणात घातला. कोंबड्याला बघवत नव्हतं म्हणून, असं ती सांगायची.

कोंबड्याचं एक भागलं. गिरणीमागच्या पत्र्याच्या चाळीतल्या माणसांचं भागेना. दसऱ्याला गिरणीच्या दाराला हार चढला आणि त्याच हारामागे कुलूप लागलं. माल खपत नाही, गोदामं भरलीत, बोलावू तेव्हा या, असं सांगितलं होतं. दिवाळी तशीच गेली. आता भोगी उद्यावर आली होती, पलीकडे सिद्धरामाच्या यात्रेत, गड्ड्यात, पाळणे उभे राहत होते, आणि बोलावणं काही येत नव्हतं.

निंगव्वा आपल्या खोलीत शेवटच्या दुरडीसमोर बसली होती. म्हातारी कडक भाकऱ्या विकायची. निंगव्वाची कडक भाकरी म्हणजे काय चीज होती, ते ज्यानं दात लावला त्यालाच ठाऊक. महिना-महिना टिकायची. गिरणीत तुटलेलं सूत जोडणाऱ्या एका जोडणीवाल्यानं म्हणे गळक्या पत्र्याखाली एक लावली. सारा पावसाळा पाणी अडवलं तिनं, आणि दसऱ्याला त्यानं ती काढून शेंगाचटणीबरोबर खाल्ली. खरं-खोटं सिद्धरामाला ठाऊक. पण तिची भाकरी हजारांत ओळखू यायची हे मात्र खरं. निंगव्वाच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. भाकरी थापताना तीन बोटांचे लांब ठसे उठायचे आणि चौथ्याच्या जागी नुसता एक खळगा.

ही दुरडी तिनं गड्ड्यासाठी राखली होती. यात्रेला बार्शी-मंगळवेढ्याकडून माणूस येतो, खेड्यातला माणूस भाकरी घेतो, त्यावर आपले दोन महिने निघतील, असा तिचा हिशेब होता. पण तीन दिवस झाले, तिचं लक्ष दुरडीत नव्हतं. पत्र्याच्या आडभिंतीपलीकडं संगप्पाचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको दाक्षायणी तीन महिन्यांची ओली बाळंतीण. पोर आधी भोकाड पसरायचं. मग रडायचं. आता नुसतं कुंथत होतं. आईच्या अंगात दूध नाही, हे पत्र्यातून कळायला वैद्य लागत नाही.

दाक्षायणी रोज सकाळी चूल पेटवायची आणि नुसतं पाणी उकळायची. चाळीला धूर दिसला पाहिजे.

मदत करायला चाळ तयार नव्हती असं नाही. पण संगप्पाची मान. लूम खात्यातला जॉबर तो, मागवाल्यांचा मुकादम. त्याची मान इतकी ताठ, की पागोटं पडलं तर वाकावं लागेल म्हणून तिथंच सोडून आला असता. चाळीतल्या मल्लप्पानं पायलीभर जोंधळे पुढं केले, तर संगप्पानं त्याच्याशी बोलणं टाकलं. निंगव्वानं फडक्यात बांधून चार भाकऱ्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवल्या, तर हा गडी ते फडकं घेऊन चाळभर दारोदार हिंडला, "कुणाचं विसरलंय हो?" म्हणत. शेवटी निंगव्वालाच हात पुढं करून आपलं फडकं परत घ्यावं लागलं.

तिला राग यायचा आणि रागवताही यायचं नाही. कारण ही करंगळी. बारा वर्षांमागं ती सूतखात्यात असताना बोट चाकात गेलं, तेव्हा ह्याच संगप्पानं तिला खांद्यावर टाकून भर बाजारातून दवाखान्यात नेलं होतं. वाटभर ती त्याला शिव्या देत होती, परक्या बाईला खांद्यावर घेतोस म्हणून. बोट गेलं, गिरणी सुटली. ती फाटकाबाहेर भाकऱ्या घेऊन बसली, तर पहारेकऱ्यानं टोपली लाथाडली. संगप्पा आत जायचा थांबला. मातीतली एकेक भाकरी उचलली, फुंकली, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांत बघत उभ्यानं खाल्ली. सात कडक भाकऱ्या. तो खाईतोवर एक कामगार आत गेला नाही, आणि त्या दिवशी गिरणी पाऊण तास उशिरा सुरू झाली म्हणतात. त्या दिवसापासून फाटकाजवळच्या लिंबाखालची जागा निंगव्वाची झाली. त्याचं देणं म्हणून तिनं कधी एक भाकरी जास्त दिली, तर तो ती मोडून दुसऱ्याला द्यायचा.

दुरडीवर फडकं टाकून ती उठली आणि चनबसय्या स्वामींकडं गेली.

चनबसय्या म्हणजे वस्तीचे जंगम. चाळीस वर्षं पायात घंटा बांधून लिंगायतांच्या दारी भिक्षा मागत होते. असे वाळले होते, की वारं सुटलं की घंटेच्या वजनावरच जमिनीला टिकून राहायचे. मठाच्या ओट्यावर ऊन खात बसले होते.

"शरणु, स्वामी. एक काम हाय."

"काम? ह्या सोलापुरात काम फकस्त तुज्याकडंच उरलंय का गं, अव्वा?"

तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "माज्या हातचं तो घेत न्हाय. जंगमाच्या हातचा प्रसाद न्हाय कसा म्हनंल?"

"संगप्पाला फशिवतीस?" स्वामी हसले, दात नव्हते, पण हसू होतं. "आगं, उद्या यात्रेत सिद्धरामाच्या लग्नात अक्षता घेताना इचारंल तो, ह्या कुणाच्या खर्चाच्या म्हनून."

"तुमी जाताय का न्हाय?"

"जातो की. पर गड्ड्यात काय इकशील तू?"

"तोंड इकीन," निंगव्वा म्हणाली. "लई चालतंय माजं."

भोगीच्या सकाळी निंगव्वाची अर्धी दुरडी स्वामींच्या झोळीच्या तळाशी गेली. बेत सोपा होता. संगप्पाच्या दारात उभं राहायचं, घंटा वाजवायची, आणि तो बाहेर आला की म्हणायचं, आज भोगीचा प्रसाद वाटतोय, उपरणं धर. निंगव्वा आपल्या दारात वात वळत बसली, म्हणजे वळल्यासारखं करत. डोळा सगळा तिकडंच.

घंटा वाजली. संगप्पा बाहेर आला. पण मोकळ्या हातानं नाही. त्याच्या हातात सूप होतं आणि सुपात ओंजळभर जोंधळे. मागं चौकटीला दाक्षायणी टेकली होती, आणि तिचं तोंड बघून निंगव्वाला कळलं, की गाडग्याच्या तळातलं होतं ते. मागं काही उरलेलं नव्हतं. ह्या दारातून जंगम कधी रिकामा गेला नव्हता, आणि भोगीच्या दिवशी तर तो जाणारच नव्हता.

स्वामींनी तोंड उघडलं. बेतातलं पहिलं वाक्य ओठांवर आलंही असेल. पण चाळीस वर्षांची सवय. सूप पुढं झुकलेलं दिसलं मात्र, त्यांच्या हातांनी आपोआप झोळीचं तोंड वासलं. जोंधळे सर्रकन आत गेले. स्वामींचा हात आशीर्वादाला वर उठला, तोंडातून आशीर्वाद बाहेर पडला, आणि संगप्पा नमस्कार करून आत गेलासुद्धा.

स्वामी परत निंगव्वाच्या दारात आले ते झोळी पोटाशी धरूनच.

"अव्वा, मी त्याचं उरलंसुरलं घिऊन आलो गं."

"दिसलं मला. डोळं हायत." तिनं वात खाली टाकली. "द्यायला गेलता का लुटायला? झोळी आवळून धरायची न्हवती का?"

"हातच ऐकला न्हाय."

"मग परत द्या जावा."

"जंगमाला घातलेलं परत घिऊन घरात नेईल त्यो? त्यापरीस उपाशी मरंल." स्वामी उंबऱ्यावरच बसले. झोळी मांडीवर. पलीकडून पोराचं कुंथणं येत होतं, आणि मधूनच तेही थांबायचं. ते थांबलं की निंगव्वाला जास्त भ्या वाटायचं.

स्वामींनी पोटावरून हात फिरवला तो तिला दिसला.

"तुमी जेवलाय का?"

"परवा," स्वामी म्हणाले. "लोकाकडंच न्हाय, तर झोळीत कुटनं येतंय?"

निंगव्वानं त्यांच्याकडं बघितलं, मग झोळीकडं. "मग जेवा की आज. संगप्पाच्याच घरी जेवा."

म्हाताऱ्याला कळायला क्षणभर लागला. मग ते उठले. जंगम घरी जेवला, तर ताटात, टोपल्यात मागं राहील तो प्रसाद. तो घराबाहेर जात नाही आणि त्याला नाही म्हणता येत नाही. आणि जंगमच जेवायला मागतोय म्हटल्यावर संगप्पाची मान कितीही ताठ असली, तरी तिथं वाकायचीच.

ह्या खेपेला निंगव्वा दारात थांबली नाही. आत जाऊन तिनं आडभिंतीच्या पत्र्याला कान लावला.

"संगप्पा, आज भोगी. जंगमाला जेवाय वाड."

मग संगप्पाचा घोगरा आवाज, "स्वामी... घरात..."

"शिदा माज्या झोळीत हाय. तुजंबी धान त्यातच हाय. पोरी, जोंधळं भरड आन् आंबील लाव. भाकऱ्या तयारच हायत."

जात्याची घरघर झाली. चुलीत काटकी मोडली. कितीतरी दिवसांनी पलीकडच्या मडक्यात पाण्याशिवाय काही शिजत होतं. निंगव्वानं डोळे मिटले. झोळी उपडी झाल्याचा आवाज आला. भाकऱ्या ताटात पडल्या, पत्र्यावर पत्रा पडावा तशा.

आणि मग काहीच नाही. घास नाही, बोलणं नाही.

मग संगप्पा म्हणाला, "स्वामी, ही भाकरी कुटल्या घरची?"

निंगव्वानं आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तीन बोटं आणि एक खुंट. भाकऱ्या दिल्या, झोळी दिली, बेत दिला, आणि ठसा काही तिच्या ध्यानात आला नव्हता. आपल्या हातचं आपण कधी बघतो? तो माणूस मात्र अकरा वर्षं रोज त्या खळग्यावर अंगठा ठेवून भाकरी मोडत आला होता. आता तो उठेल. आता त्या सगळ्या भाकऱ्या फडक्यात बांधून दारात येईल, "कुणाचं विसरलंय हो?" म्हणत. आणि दाक्षायणी पुन्हा पाणी उकळायला ठेवील.

"जंगमाच्या झोळीत पडलं, की घर इचारायचं न्हाय," स्वामी सावकाश म्हणाले.

पत्र्यापलीकडं पोर कुंथलं. एकदाच.

मग आवाज आला. कट्.

कडक भाकरी मोडण्याचा तो आवाज निंगव्वानं जन्मभर ऐकला होता, पण असा कधी नाही. पाठोपाठ संगप्पा म्हणाला, "दाक्षायणी, हा मोठा तुकडा तू घे. आंबिलीत भिजव. आदी तू खा." पुन्हा एक कट्, बारीकसा.

स्वामींनी म्हणे त्या दिवशी कोरभर भाकरी चघळली आणि वाटीभर आंबील घेतली. पण वर ढेकर असा दिला, की चाळीतल्या तिघांनी बाहेर येऊन विचारलं, कुणाच्यात पंगत बसलीय. उरलेलं सगळं टोपल्यात घालून, त्यावर विभूती टाकून ते बाहेर पडले. मठापर्यंत जाताना दोनदा भिंतीला धरून थांबले, हे निंगव्वानं बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही.

संक्रांतीला पहाटेच तिला जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. दार उघडलं, तर संगप्पा तिच्या रांजणात घागर ओतत होता. नळावर बायकांच्या रांगेत उभा राहून आणली होती. लूम खात्यातला जॉबर, खांद्यावर घागर. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तिच्या हाताकडं मात्र एकदा बघितलं.

"अव्वा, नळ आज बारीक हाय," तो म्हणाला.

"व्हय बाबा," निंगव्वा म्हणाली. "थंडीचं तसंच असतंय."

दुपारी ती उरलेली अर्धी दुरडी घेऊन गड्ड्याला गेली. भाकऱ्या तासाभरात सरल्या. रिकामी दुरडी घेऊन बसून राहावं असं तिथं काही नव्हतं, म्हणून पाळणा एकदाही न बघता घरी आली.

रोज दोन घागरी. माघ सरला तरी रोज दोन घागरी. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. दाक्षायणीच्या अंगावर थोडं दूध आलं; पोर पुन्हा रडायला लागलं, आणि चाळीनं ते रडणं कुरकुर न करता ऐकलं. शिवरात्रीच्या आधी चनबसय्या स्वामी गेले. त्यांच्यामागं ती घंटा बांधायला कुणी पुढं आलं नाही.

गिरणी काही उघडली नाही. शिमग्याच्या आत संगप्पानं बिऱ्हाड बांधलं. बार्शीला एका गिरणीत माणसं घेतात असं कुणीतरी कुणाकडून ऐकलं होतं. निघायच्या पहाटे त्यानं निंगव्वाचा रांजण काठोकाठ भरला, वर झाकण ठेवलं, आणि पोराला तिच्या पायांवर घालून पुन्हा उचललं. निंगव्वानं वाटेला म्हणून दोन भाकऱ्या पुढं केल्या.

त्यानं घेतल्या.

तो रांजण पुढं तीन आठवडे आटला नाही, असं निंगव्वा शपथेवर सांगायची. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, की म्हातारी नळावरून रोज एक तांब्या आणून त्यावरच भागवते आणि रांजणाचं झाकण उघडत नाही. पण तिला तसं कुणी म्हणालं नाही.