लाल झाकणाची बाटली

शाळेत माझ्या टेबलावर दोन बाटल्या असायच्या, लाल झाकणाची आणि निळ्या झाकणाची. एकीत जंतांची खरी गोळी, दुसरीत नुसती खडूची. प्रत्येक मुलाचा रंग ठरलेला, पण कुठल्या बाटलीत कुठली, हे ही चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं असं गुपित राखलं, तरच गोळीनं मुलांच्या अंगात काय बदलतं, जंत गेले की अ‍ॅलर्जी वाढते का, ते कळणार होतं. पण गोळ्या द्यायच्या, शौचाच्या डब्या तपासायच्या, हातावर टोचून धुळीची अ‍ॅलर्जी मोजायची, सगळं माझ्याच गळ्यात. मग मला कळणारच ना? पहिल्या फेरीनंतर लाल झाकणवाली मुलं बहुतेक साफ निघाली.

माझी भाची काडी निळ्यात होती. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काटक्या. ताई म्हणायची, "तू तिथं असून माझ्याच पोरीला जंत? दिव्याखाली अंधार." ते मला झोंबलं. पुढच्या फेरीपासून काडीला लाल झाकणातली गोळी दिली आणि कार्डावर निळं लिहीत राहिले.

जंत गेले, पोरगी भरली. मी फुशारले, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या तपासणीत काडीच्या हातावर धुळीच्या थेंबाखाली वाटाण्याएवढी गांध उठली. आधी तिथं काहीच उठायचं नाही. घरी गादी झटकली तरी तिला धाप लागत होती. ताईनं डॉक्टरबाईंना विचारलं, "गोळीमुळे झालं का हो?"

"एकीवरून सांगता येत नाही. चारशे मुलांचे हात मोजलेत, दोन्ही गट ताडून पाहते. महिनाभर थांबा."

ताईचा जीव त्या महिन्यात अडकला. मला गप्प राहवेना. दोघींसमोरच सगळं ओकले.

"आणखी किती जणांना दिलीस?" बाईंनी विचारलं.

"एकटीलाच."

"रंग माहीत असताना तू चारशे हात मोजलेस. त्यातला कुठला आकडा खरा धरू?"

वह्या कपाटात गेल्या, मी घरी.

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. काडीला धाप लागली की पाठ चोळता चोळता ती मला एवढंच विचारते, "गोळीमुळे झालं का गं?"

माहीत नाही. आणि ज्यातून कळलं असतं, त्याची मीच माती केली.