राहीचा नकार

१९८४च्या मे महिन्यात घाटात एसटी कलंडली आणि राहीच्या डोक्याला जबर मार बसला. दीड महिना ती दवाखान्यात होती. घरी आल्यावर ती हळूहळू रांधायला लागली, विहिरीवर जायला लागली. फक्त शब्द तोंडी उशिरा यायचे आणि नावं कधीकधी यायचीच नाहीत. ऐकणाऱ्याला तेवढा धीर नसे. दिवाळीपर्यंत वाडीने तिला खुळी ठरवून टाकलं.

नवरा काशीराम मुंबईत छापखान्यात होता. शिमग्याला तो आला तो ठरवूनच: सहा वर्षांच्या मालनला मुंबईत बहिणीकडे ठेवायची आणि राहीला माहेरी धाडायची. तसा कागद गावकीच्या पंचांपुढे करायचा होता. राहीला कुणी विचारलं नाही. सासूचं बोलणं कानावर पडलं म्हणून तिला कळलं.

शेजारच्या गोदाला समोर बसवून तिने आठ दिवस आपलं म्हणणं घोकलं.

गावकी देवळात बसली. बायका तिथे जात नसत. राही गेली. गावकीचे प्रमुख, गावकर आप्पांनी काशीरामलाच विचारलं, हिचं काय म्हणणं आहे?

"आप्पा," राही खांबाला धरून म्हणाली, "मला... मला विचारा."

ती एकेक शब्द वेचत राहिली. "मी खुळी नाय. शब्द... उशिरा येतात. कळतं सगळं. पोर माझ्याकडे राहूदे."

आप्पा वाईट नव्हते. त्यांनी पोरीचं नाव विचारलं.

राहीला पोरीचे पडलेले पुढचे दात दिसत होते, कपाळावरचा भोवरा दिसत होता. नाव येईना. मागे कुणीतरी हसलं. काशीराम खाली मान घालून बसला.

कागदावर तिची संमती आधीच लिहिलेली होती. अंगठ्यासाठी शाई पुढे आली, तसा तिने हात पदराखाली घेतला.

"लिहा," ती म्हणाली. "राही नको म्हणाली."

आप्पांनी संमती खोडून तसंच लिहायला लावलं. तिची संमती नाही, तेव्हा राहीला घराबाहेर काढायचं नाही, एवढं ठरलं. पोर मात्र बापाची. चौथ्या दिवशी काशीराम मालनला घेऊन गेला.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी राही मजकूर सांगायची आणि चौथी शिकलेली गोदा मालनला पोस्टकार्ड लिहायची. एका वाक्यासाठी कितीही वेळ लागला तरी गोदा पेन धरून थांबायची. गणपतीपर्यंत पंचवीसेक कार्डं गेली. मुंबईहून एकाचंही उत्तर आलं नाही.