पिठात दुसरा हात

“हात धुतलेस का?” थोरलीनं विचारलं.

“दोनदा. वास घेऊन बघा हवं तर,” धाकटी जाऊ प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात शिरत म्हणाली आणि बाह्या वर सारू लागली.

थोरलीनं पिठाची परात स्वतःकडे ओढली. रविवारी सगळ्यांना तुकडा तुकडा वाटतात तो प्रभुभोजनाचा पाव तिच्या हातचा, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा गेला, मुलगी परगावी संसाराला लागली, तरी तिचा शनिवार चुकला नव्हता. आता मनगट धरू लागलं, म्हणून पाळकसाहेबांनी मदतीला माणूस दिलं. तेही कोण, तर तिच्या प्रार्थनेला जन्मभर ‘भिंतीशी गप्पा’ म्हणून हसलेली धाकटी. या धाकट्या बाईंच्या बाप्तिस्म्याला महिनाही झाला नव्हता.

“तू बस. मी करते.”

“बसायचंच असतं तर घरी काय खुर्च्या नव्हत्या, ताई?”

थोरली तडक बाहेर गेली. पाळकसाहेब अंगणात बाक पुसत होते.

“साहेब, हिला दुसरं काम द्या. फुलं लावू दे, झाडलोट करू दे. पाव नको.”

“का, मावशी?”

“मी उभं आयुष्य इथं काढलं. ती काल आली. तिला नि मला एकच रांग, एकच तुकडा? माझ्या वर्षांचं काहीच नाही?”

“काय हवंय तुम्हाला?”

थोरली गडबडली. “काही नको. म्हणजे… थोडं तरी हवंच ना.”

“मलाही वाटतं कधी कधी. एवढा उपदेश करतो, आपला तुकडा जरा मोठा असावा.” फडकं पिळत त्यांनी विचारलं, “तुम्ही इथं पहिल्यांदा आलात, तेव्हा काय घेऊन आला होतात?”

थोरलीला तो दिवस आठवला. काय घेऊन येणार? तान्हं पोर पुरून तशीच आली होती. प्रार्थना सोडाच, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तरी कुणीतरी तिच्या तळहातावर तुकडा ठेवला होता. लायकी विचारली नव्हती. कृपा म्हणतात ती हीच, हे तिला पुढे कळलं. अलीकडे मात्र ती आपण कमावली आहे, असं वाटायला लागलं होतं.

ती आत आली. धाकटी पिठाला हात न लावता उभी होती.

“तुमच्या प्रार्थनेला हसत होते ते चुकलंच माझं,” ती म्हणाली. “नको म्हणालात तर जाते.”

“जातेस कुठं? पाणी घाल. बेतानं. तुझ्या चहासारखं नुसतं पाणी नको.”

“तोच चहा तुमचे दीर आयुष्यभर प्यायले.”

“म्हणूनच लवकर सुटले बिचारे.”

दोघी हसल्या. हसता हसता धाकटीनं दंडाला डोळे पुसले. मग एकमेकींच्या कोपराला ढकलत दोघी मळू लागल्या.

रविवारी त्या शेजारीशेजारी गुडघे टेकून बसल्या. त्यांच्या अलीकडे कारखान्याचे मालक, पलीकडे त्यांचाच पहारेकरी. पाळकसाहेबांनी पाव मोडला आणि तुकडे देत पुढे सरकले. थोरलीनं आपला तुकडा तोंडात घेतला नि सवयीनं त्यात आपला हात शोधला. आपलं मळणं कुठं संपलं नि धाकटीचं कुठं सुरू झालं, काही कळेना.

पाव नेहमीपेक्षा मऊ झाला होता. हे धाकटीला निदान आज तरी सांगायचं नाही, असं ठरवून ती सावकाश चावत राहिली.